भाषा न विचारणारा देश

केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सत्तेच्या वाटणीवर एक प्रकरण आहे आणि त्याची सुरुवात बेल्जियमपासून होते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेल्या अनेकांना त्यातले आकडे तोंडपाठ असतात: 59 टक्के लोक फ्लँडर्समध्ये राहतात व डच बोलतात, 40 टक्के वालोनियात राहतात व फ्रेंच बोलतात, उरलेला एक टक्का जर्मन भाषकांचा, राजधानी ब्रुसेल्समध्ये मात्र 80 टक्के फ्रेंच भाषक आणि 20 टक्के डच भाषक. आकडे नेटके आहेत आणि परीक्षेच्या दृष्टीने सोयीचेही आहेत. अडचण एवढीच, की बेल्जियमच्या सरकारने आपल्या नागरिकांना भाषेविषयी शेवटचा प्रश्न विचारला तो 1947 च्या जनगणनेत. 1961 मध्ये कायदा करून तो प्रश्नच जनगणनेतून काढून टाकण्यात आला. त्यामुळे हे सारे टक्के म्हणजे कोण कुठे राहतो यावरून बांधलेले अंदाज आहेत. त्यातही वालोनियाची लोकसंख्या देशाच्या जेमतेम 32 टक्के असल्याने ब्रुसेल्समधले फ्रेंच भाषक त्यात धरल्याखेरीज तो 40 चा आकडा जुळत नाही.

बेल्जियमच्या राजकारणाकडे माझे लक्ष प्रथम वेधले गेले ते या गाळलेल्या प्रश्नामुळे. ज्या देशातले पक्ष, विद्यापीठे, वृत्तपत्रे, दूरचित्रवाहिन्या आणि मंत्रिमंडळातील खुर्च्यासुद्धा भाषेनुसार वाटलेल्या आहेत, त्याच देशात भाषकांची अधिकृत संख्या कोणालाही सांगता येत नाही. हा योगायोग नाही. मोजणी थांबवली म्हणूनच वाटणी शक्य झाली, असे माझे मत आहे, आणि आज त्या व्यवस्थेला जे तडे जात आहेत तेही तिथूनच जात आहेत.

बेल्जियमचे क्षेत्रफळ 30,689 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ नेमका दहावा हिस्सा. लोकसंख्या एक कोटी सतरा-अठरा लाखांच्या आसपास. उत्तर समुद्राला लागून पासष्ट-सदुसष्ट किलोमीटरचा किनारा, त्यामागे सपाट, सुपीक, दाट वस्तीचा फ्लँडर्स. दक्षिणेला म्यूज नदीचे खोरे आणि त्यापलीकडे आर्देनची जंगलांनी भरलेली टेकाडे. देशातील सर्वोच्च ठिकाण अवघे 694 मीटर उंचीचे आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्याचे काही वाटणार नाही. या देशाला पूर्व-पश्चिम छेदणारी भाषांची सीमा कोणत्याही डोंगरावरून वा नदीवरून जात नाही. रोमन साम्राज्य ओसरल्यानंतर फ्रँक टोळ्यांची वस्ती जिथपर्यंत दाट झाली तिथपर्यंत जर्मानिक बोली टिकल्या आणि त्याच्या दक्षिणेला लॅटिनमधून उतरलेल्या बोली टिकल्या; ती रेषा शतकानुशतके फारशी हलली नाही. हलले ते एकच ठिकाण, ब्रुसेल्स. आणि त्या एका ठिकाणाने पुढचे सारे रामायण घडवले.

1830 मध्ये नेदरलँड्सच्या राजाविरुद्ध बंड करून बेल्जियम स्वतंत्र झाला. ऑगस्टमधल्या एका रात्री ब्रुसेल्सच्या ऑपेरागृहात प्रयोग पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांनी दंगलीला तोंड फोडले, ही कथा तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला सांगितली जाते. 21 जुलै 1831 रोजी पहिल्या लिओपोल्डने शपथ घेतली आणि 1839 च्या लंडन कराराने या नव्या राज्याच्या तटस्थतेची हमी मोठ्या सत्तांनी घेतली. नव्या देशाचा कारभार ज्यांच्या हाती आला तो वर्ग, मग तो वालोनियातल्या लिएजचा असो वा फ्लँडर्समधल्या गेंटचा, फ्रेंच बोलणारा होता. राज्यघटनेने भाषा वापरण्याचे स्वातंत्र्य दिले होते, पण हे स्वातंत्र्य व्यवहारात न्यायाधीशाचे आणि अधिकाऱ्याचे ठरले. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे नव्हे. 1860 मध्ये यान कूके आणि पीटर गूटहाल्स या दोन फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या डच भाषक मजुरांना खुनाच्या आरोपावरून शार्लरोआ येथे फाशी देण्यात आले. ते निर्दोष होते की नव्हते यावर इतिहासकारांत आजही वाद आहे, परंतु खटला ज्या फ्रेंच भाषेत चालला ती त्यांना धड कळत नव्हती, ही गोष्ट फ्लेमिश लोकांच्या मनात कायमची रुतून बसली. फौजदारी न्यायालयांत डचचा वापर व्हावा असा कायदा 1873 मध्ये झाला, आणि कायद्याचा डच मसुदा फ्रेंच मसुद्याइतकाच अधिकृत मानण्यासाठी 1898 साल उजाडावे लागले. फ्लँडर्समधले गेंट विद्यापीठ डच भाषेत शिकवू लागले ते 1930 मध्ये, म्हणजे देश जन्मल्यावर शंभर वर्षांनी.

या भाषिक जागृतीचा एक धागा थेट आपल्या देशापर्यंत आला आहे आणि त्याचा उल्लेख टाळवत नाही. रांचीत आयुष्य घालवलेले, इंग्रजी-हिंदी शब्दकोश तयार करणारे आणि रामकथेचे अभ्यासक म्हणून ओळखले जाणारे फादर कामिल बुल्के हे मूळचे पश्चिम फ्लँडर्समधल्या रामस्कापेल्ले या गावचे. लुव्हेनला शिकत असताना ते फ्लेमिश भाषा चळवळीत होते. भारतात आल्यावर सुशिक्षितांचा स्वभाषेविषयीचा न्यूनगंड पाहून ते अस्वस्थ झाले आणि अलाहाबाद विद्यापीठाला त्यांनी आपला प्रबंध हिंदीतच सादर केला. एका परकीय मिशनऱ्याला हिंदीचा इतका कैवार का, असे ज्यांना वाटते त्यांनी फ्लँडर्सचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वाचावा.

1919 मध्ये पुरुषांसाठी एक माणूस, एक मत हा नियम आला आणि फ्लेमिश लोकांच्या संख्याबळाला राजकीय वजन प्राप्त झाले. मात्र याच वेळी जनगणना हे शस्त्र बनले. 1932 च्या कायद्याने फ्लँडर्सचा कारभार डचमध्ये आणि वालोनियाचा फ्रेंचमध्ये चालावा असे ठरले. त्यातच एक तरतूद होती: ज्या नगरपालिकेत दुसऱ्या भाषेचे लोक 30 टक्क्यांहून अधिक भरतील तिथे त्यांना त्यांच्या भाषेत सेवा मिळावी, आणि ते बहुसंख्य झाले तर नगरपालिकेची भाषाच बदलावी. कागदावर हा नियम अत्यंत न्याय्य आहे. परंतु यामुळे दर दहा वर्षांनी होणारी जनगणना म्हणजे एक सार्वमत बनली. लोक आपण कोणती भाषा बोलतो हे सांगण्याऐवजी आपली मुले कोणत्या भाषेत मोठी व्हावीत हे सांगू लागले. ब्रुसेल्समध्ये नोकरी, बढती आणि प्रतिष्ठा फ्रेंचमधून मिळत होती. त्यामुळे मूळचे डच बोली बोलणारे हे शहर पिढ्यानपिढ्या फ्रेंच होत गेले आणि शहराबरोबर आजूबाजूची खेडीही. फ्लेमिश लोक याला पसरणारा तेलाचा डाग म्हणत. 1947 च्या जनगणनेचे भाषाविषयक आकडे इतके स्फोटक होते की ते 1954 पर्यंत प्रसिद्धच करण्यात आले नाहीत. प्रसिद्ध झाल्यावर आणखी तीन नगरपालिका द्वैभाषिक ब्रुसेल्सला जोडाव्या लागल्या आणि राजधानीतल्या नगरपालिकांची संख्या 19 झाली. पुढची जनगणना जवळ आली तेव्हा अनेक फ्लेमिश नगराध्यक्षांनी भाषेचा प्रश्न असलेले अर्ज वाटायलाच नकार दिला.

सरकारने मग जो मार्ग काढला तो धाडसी होता. भाषेचा प्रश्न रद्द झाला. 8 नोव्हेंबर 1962 च्या कायद्याने भाषासीमा एकदाच आखली गेली आणि 1 सप्टेंबर 1963 पासून ती अमलात आली. यापुढे कोण किती आहेत हे पाहायचे नाही. भाषा जमिनीची, माणसाची नाही. डच भूमीवर राहणाऱ्या फ्रेंच भाषकाने घरात काय बोलावे यात शासन पडणार नाही, पण नगरपालिकेशी, सरकारी शाळेशी आणि न्यायालयाशी त्याचा व्यवहार डचमध्येच होईल. सीमेलगतच्या आणि ब्रुसेल्सभोवतीच्या काही नगरपालिकांना अपवाद म्हणून ‘सवलती’ देण्यात आल्या, म्हणजे तिथल्या अल्पसंख्याकांना मागणी केल्यास आपल्या भाषेत कागदपत्रे मिळू शकतात. 1970 मध्ये राज्यघटनेतच देशाचे चार भाषिक प्रदेश नोंदवले गेले: डच, फ्रेंच, जर्मन आणि द्वैभाषिक ब्रुसेल्स. त्यांची सीमा बदलायची तर संसदेतल्या दोन्ही भाषागटांत स्वतंत्र बहुमत आणि एकूण दोन तृतीयांश मते लागतात. थोडक्यात, ती बदलायची नाही.

रेषा आखताना अदलाबदल झालीच. पश्चिमेकडचा, फ्रेंच बोलणारा मुस्क्रों आणि कोमिन हा भाग पश्चिम फ्लँडर्समधून काढून वालोनियातल्या एनो प्रांताला दिला गेला आणि त्याच्या मोबदल्यात पूर्वेकडची फुरेनची सहा खेडी लिएज प्रांतातून फ्लँडर्समधल्या लिंबुर्गला गेली. फुरेनची लोकसंख्या चार हजारांच्या आसपास. तिथले लोक बोलत ती लिंबुर्गी बोली जर्मन, डच यांच्या सीमेवरची, परंतु त्यांचा बाजारहाट, रोजगार आणि शिक्षण लिएजशी जोडलेले. त्यांना कोणी विचारले नाही. परिणामी 1970 आणि 80 च्या दशकांत या टीचभर खेड्यांत दर रविवारी मोर्चे, हाणामाऱ्या आणि पोलीस बंदोबस्त असे. झोझे आपार हे फ्रेंच भाषक पुढारी तिथले नगराध्यक्ष झाले आणि त्यांनी डच भाषेच्या चाचणीला बसण्यास नकार दिला. त्या वादात ऑक्टोबर 1987 मध्ये विल्फ्रिड मार्टेन्स यांचे राष्ट्रीय सरकार कोसळले. चार हजार वस्तीच्या गावच्या नगराध्यक्षाच्या परीक्षेवरून युरोपातल्या एका समृद्ध देशाचे सरकार पडते याचे कोणाला हसू येईल, पण सीमाप्रश्नाच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या मराठी वाचकाला ते येऊ नये.

कारण बेल्जियम ज्या वर्षांत आपली रेषा आखत होता त्याच वर्षांत आपणही आपली रेषा आखत होतो. 1956 ची राज्यपुनर्रचना, 1960 चा महाराष्ट्र, 1966 मध्ये नेमलेला महाजन आयोग. महाराष्ट्राची बेळगाव-कारवार भागावरची मागणी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत या तत्त्वांवर उभी आहे, आणि भाषिक बहुमत सिद्ध करायचे तर जनगणनेचे आकडे लागतात. आपण मोजत राहिलो. वाद संपला नाही, 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. बेल्जियमने मोजणे थांबवले. वाद संपला असे तिथेही म्हणता येणार नाही, पण तो वाढायचा थांबला. फुरेनचा फ्रेंच भाषक आणि बेळगावचा मराठी भाषक यांची तक्रार मात्र एकसारखी आहे: राज्याने आमच्या भूमीची भाषा ठरवली, आम्हाला विचारले नाही. या तक्रारीला बेल्जियमच्या पद्धतीत उत्तर नाही, आणि ती पद्धत आदर्श म्हणून सांगणाऱ्यांनी हे लपवू नये. फ्लँडर्समध्ये राहणाऱ्या फ्रेंच भाषक पालकांनी आपल्या मुलांच्या शाळांसाठी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली तेव्हा 1968 मध्ये न्यायालयाने ब्रुसेल्सजवळच्या सहा नगरपालिकांतील शाळाप्रवेशाचा एकच मुद्दा भेदभावाचा ठरवला. प्रदेशाची भाषा एकच असावी हे तत्त्व त्याने मान्य केले.

त्याच 1968 साली लुव्हेन विद्यापीठ फुटले. हे जुने कॅथलिक विद्यापीठ फ्लेमिश भूमीवर होते, पण त्याचा फ्रेंच विभाग मोठा आणि वजनदार होता. ‘वालोन लोकांनो, बाहेर व्हा’ अशा घोषणा देत फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पंतप्रधान पॉल व्हांडेन बोइनांट्स यांचे सरकार पडले आणि फ्रेंच विभागासाठी भाषासीमेपलीकडे लुव्हें-ला-नव्ह हे नवे गाव शेतजमिनीवर वसवावे लागले. ग्रंथालयाची वाटणी करताना सम क्रमांकाची पुस्तके एकाकडे आणि विषम क्रमांकाची दुसऱ्याकडे असा तोडगा निघाला. अनेक खंडांच्या मालिकांचे काय झाले असेल याची कल्पना ग्रंथपालांनी करावी. पाठोपाठ राजकीय पक्षही दुभंगले: 1968 मध्ये ख्रिस्ती लोकशाहीवादी, 1972 मध्ये उदारमतवादी, 1978 मध्ये समाजवादी. तेव्हापासून बेल्जियममध्ये मोठा असा राष्ट्रीय पक्ष जवळजवळ उरला नाही. गेंटचा मतदार वालोनियातल्या मॉन्सच्या उमेदवाराला निवडूही शकत नाही आणि पाडूही शकत नाही. त्या उमेदवाराच्या पक्षाची यादीच गेंटमध्ये नसते. दोन वेगळ्या निवडणुका एकाच दिवशी होतात आणि निकालानंतर त्यांची मोट बांधायची असते.

या भांडणात भाषा दिसते, पण तिच्यामागे पैसा आहे आणि त्याचे पारडे मध्येच फिरले. एकोणिसाव्या शतकात वालोनिया हा ब्रिटनच्या खालोखाल औद्योगिक झालेला प्रदेश होता. लिएजजवळ सेरँचे पोलाद, शार्लरोआ भागातला कोळसा, आणि 1835 मध्ये ब्रुसेल्स ते मेखेलेन धावलेली, युरोप खंडातल्या सुरुवातीच्या प्रवासी रेल्वेंपैकी एक. तेव्हा गरीब फ्लेमिश मजूर पोटासाठी दक्षिणेला जात. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणींत उतरायला स्थानिक माणसे मिळेनात म्हणून 1946 मध्ये इटलीशी करार करून तिथून कामगार आणले गेले. 8 ऑगस्ट 1956 रोजी मार्सिनेल येथील खाणीत लागलेल्या आगीत 262 जण मृत्युमुखी पडले. त्यातले 136 इटालियन होते. तोवर खाणींचे दिवस भरत आले होते. नवी गुंतवणूक अँटवर्पच्या बंदराकडे आणि तिथल्या तेल व रसायन कारखान्यांकडे वळली, आणि 1960 च्या दशकात फ्लँडर्सने वालोनियाला मागे टाकले. 1960-61 च्या हिवाळ्यातल्या प्रचंड संपानंतर आंद्रे रेनार या वालोन कामगारनेत्याने संघराज्याची मागणी उचलून धरली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण देशाचे तुकडे फक्त फ्लेमिश लोकांना हवे होते असा एक सोपा समज आहे. फ्लेमिश लोकांना भाषेसाठी स्वायत्तता हवी होती आणि वालोन लोकांना अर्थकारणासाठी. म्हणूनच बेल्जियममध्ये दोन प्रकारचे घटक तयार झाले: शिक्षण, संस्कृती पाहणारे तीन भाषिक समुदाय आणि अर्थव्यवहार, रस्ते, नगररचना पाहणारे तीन प्रदेश. फ्लँडर्सने आपला समुदाय आणि प्रदेश एकत्र केला, फ्रेंच भाषकांनी केला नाही. करोनाकाळात देशातल्या नऊ मंत्र्यांकडे आरोग्याचा काही ना काही भाग होता, ही त्या गुंतागुंतीची वारंवार सांगितली जाणारी साक्ष.

1993 मध्ये राज्यघटनेचे पहिले कलमच बदलले आणि बेल्जियम हे समुदाय व प्रदेश यांचे संघराज्य आहे असे त्यात लिहिले गेले. पण या साऱ्या रचनेत मला सर्वांत विलक्षण वाटते ते मोजणीविना केलेले समतोल. केंद्रीय मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच मंत्र्यांची संख्या समान असते. लोकसंख्या किती हा प्रश्नच येत नाही. महत्त्वाच्या कायद्यांना प्रत्येक भाषागटाचे वेगळे बहुमत लागते. ब्रुसेल्सच्या 89 सदस्यांच्या विधानसभेत 17 जागा डच याद्यांसाठी कायमच्या राखीव आहेत. तिथे डच भाषक खरोखर किती हे न विचारता त्या दिल्या गेल्या, कारण देशपातळीवर अल्पसंख्य असलेल्या फ्रेंच भाषकांना जे संरक्षण मिळाले त्याचा तो मोबदला होता.

ब्रुसेल्सचा तोडगा वाचताना मराठी माणसाला मुंबई आठवणे अपरिहार्य आहे. 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा प्रस्ताव पुढे आला, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. फ्लेमिश लोकांच्या दृष्टीने ब्रुसेल्स हे चहूबाजूंनी फ्लँडर्सने वेढलेले, मूळचे आपलेच शहर होते. तरीही 1989 मध्ये ते तिसरा स्वतंत्र प्रदेश बनले. फ्लँडर्सने तर आपली राजधानीच ब्रुसेल्समध्ये ठेवली आहे. वालोनियाची राजधानी नाम्यूरला आहे. देश फुटत का नाही या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शहरात आहे: ते सोडायला कोणी तयार नाही आणि वाटता तर ते येतच नाही. उरलेले निम्मे उत्तर राष्ट्रीय कर्जात आणि सामाजिक सुरक्षेच्या सामायिक तिजोरीत आहे. फ्लँडर्सचा पैसा दक्षिणेला जातो ही तक्रार जुनीच. 2005 मध्ये बार्ट डे वेव्हर यांच्या एन-व्ही-ए पक्षाने नकली नोटांनी भरलेले बारा ट्रक वालोनियातल्या स्ट्रेपी-ट्यू येथील जहाजे उचलणाऱ्या अवाढव्य यंत्रापाशी नेऊन उभे केले होते. हेच डे वेव्हर, ज्यांच्या पक्षाच्या घटनेत स्वतंत्र फ्लेमिश प्रजासत्ताक हे ध्येय नोंदलेले आहे, 3 फेब्रुवारी 2025 रोजी बेल्जियमचे पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारला जन्माला यायला जवळजवळ आठ महिने लागले, आणि तिथल्या मानाने हा काळ माफक म्हणावा लागेल. 13 जून 2010 च्या निवडणुकीनंतर एलिओ दि रूपो यांचे सरकार शपथ घेईपर्यंत 541 दिवस गेले होते.

जर्मन भाषकांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही आणि तेच त्यांचे सुख आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीकडून मिळालेल्या पट्ट्यात, ऑयपेनच्या परिसरात, सुमारे ऐंशी हजार लोक राहतात. त्यांची 25 सदस्यांची विधानसभा आहे, स्वतःच्या शाळा आहेत. दोन भांडणाऱ्या भावांनी स्वतःसाठी मिळवलेले बरेचसे अधिकार या तिसऱ्याला आपोआप मिळत गेले.

नियम किती काटेकोर झाला आहे याचे एक ताजे उदाहरण आहे. ब्रुसेल्सजवळच्या पण फ्लँडर्समध्ये मोडणाऱ्या व्हिल्वोर्डेपाशी एका रेल्वे कंडक्टरने प्रवाशांना डचबरोबर फ्रेंचमध्येही सुप्रभात म्हटले. एका प्रवाशाने भाषा-नियंत्रण आयोगाकडे तक्रार केली आणि आयोगाने ती ग्राह्य मानली, कारण कायद्यानुसार गाडी ज्या प्रदेशातून धावते त्या प्रदेशाच्या भाषेतच घोषणा व्हायला हवी. ब्रुसेल्समध्ये तोच कंडक्टर दोन्ही भाषांत बोलायला बांधील आहे. यात कोणाचे काय बिघडले, असे मलाही वाटते. पण त्या तक्रारदाराला वेड्यात काढणे हा इतिहास विसरण्याचा प्रकार होईल, कारण ब्रुसेल्सच्या आसपासची खेडी अशाच सौजन्यापोटी एकेक करून भाषांतरित झाली होती.

परंतु खरी कसोटी आता ब्रुसेल्स शहरातच लागते आहे. तिथल्या रहिवाशांत परदेशी मुळे असलेल्यांचे मोठे बहुमत आहे. मोरोक्को, तुर्कस्तान, काँगो, इटली, पोलंड, रुमानिया, फ्रान्स अशा अनेक देशांतून आलेली कुटुंबे तिथे राहतात, आणि युरोपीय संघाच्या कचेऱ्यांमुळे इंग्रजीही सर्रास ऐकू येते. कायद्याला मात्र तिथे दोनच प्रकारची माणसे माहीत आहेत. प्रादेशिक निवडणुकीत मतदाराला डच वा फ्रेंच यांपैकी एका बाजूची यादी निवडावी लागते, आणि तो घरी कोणती भाषा बोलतो हे कोणीच विचारत नसल्याने तो हवी ती बाजू निवडू शकतो. डच बाजूला जागा ठरावीक 17 आणि मतदार थोडे, म्हणून तिथे कमी मतांत जागा मिळते. जून 2024 मध्ये फुआद अहिदार यांच्या नव्या यादीने डच गटात तीन जागा जिंकल्या. त्या यादीच्या मतदारांत फ्रेंच बोलणारे बरेच होते. सरकार बनवायचे तर दोन्ही गटांत वेगवेगळे बहुमत हवे, आणि डच गटातल्या सतरा जागा इतक्या तुकड्यांत विखुरल्या की त्यांची बेरीज एन-व्ही-ए पक्षाला घेतल्याशिवाय जमवणे अवघड झाले, तर फ्रेंच गटातील समाजवादी त्याच पक्षाबरोबर बसायला तयार होईनात. दीड वर्षाहून अधिक काळ राजधानीला पूर्ण अधिकारांचे सरकार मिळाले नाही. अर्थसंकल्पाऐवजी महिन्यामहिन्याच्या तात्पुरत्या तरतुदींवर कारभार चालला आणि अनुदानावर जगणाऱ्या संस्था अडचणीत आल्या.

त्या काळात दोन्ही भाषांचे मिश्र उमेदवार असलेल्या याद्यांना परवानगी द्यावी ही जुनी मागणी पुन्हा पुढे आली. फ्लेमिश पक्षांपैकी अनेकांचा तिला विरोध आहे, कारण राखीव सतरा जागांची हमी त्यात विरघळून जाईल अशी त्यांना भीती वाटते. फ्रेंच भाषकांपैकी काही म्हणतात की हमी ठेवायचीच असेल तर ती किती जणांसाठी आहे ते एकदा मोजून तरी घ्या, आणि मोजण्याचा विषय निघाला की चर्चा तिथेच थांबते.